दोन किलोमीटरच्या आतलं सगळं पायी. तुमचा रोजचा रस्ता कुठे तुटतो?

मसुंदा

नमस्कार मंडळी,

मागच्या गुढीपाडव्याला मी एक नियम केला. घरापासून दोन किलोमीटरच्या आतलं कुठलंही काम असो, पायीच जायचं. स्कूटर काढायची नाही, रिक्षाला हात करायचा नाही. आता वर्ष उलटून गेलंय. नियम दहा-बारा वेळा मोडला, बहुतेकदा मुसळधार पावसामुळे आणि दोनदा आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून. बाकी पाळला.

मी ठाण्यात पाचपाखाडीत राहते. हरिनिवासवरून गोखले रस्त्याने स्टेशन, असा माझा रोजचा मार्ग. नियम करण्याआधी आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं होतं. स्कूटर पार्किंगमधून काढणं, सिग्नल, स्टेशनजवळ गाडी लावायला जागा शोधणं आणि तिथून फलाटापर्यंतची पायपीट धरून १९ ते २२ मिनिटं लागायची. चालत २६ लागतात. म्हणजे रोज सकाळी जेमतेम पाच मिनिटं वाचवायला मी एवढा जीव टांगणीला लावत होते.

वर्षभरात काय मिळालं? झोप लागायला लागली. पेट्रोल महिन्यातून एकदाच भरते. आणि आपलं गाव पुन्हा ओळखीचं झालं. हरिनिवासच्या अलीकडे एक घड्याळजी बसतात, त्यांच्या समोरून मी अकरा वर्षं स्कूटरने गेले आणि ते मला कधी दिसलेच नव्हते. आता बाबांचं जुनं घड्याळ त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतलंय. एप्रिलमध्ये वाटेत दोन ताम्हणी फुलतात, तीही याच वर्षी कळली.

पण धागा काढला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. दिवाळीच्या आधी आईला (वय ७६) म्हटलं, चल, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊ. अंतर दोनशे पावलांचं. गेटबाहेर पडलो आणि ती सरळ रस्त्याच्या कडेने, डांबरावरून चालायला लागली. मी म्हटलं, अगं फूटपाथवर ये. ती थांबली, फूटपाथच्या कडेला उभी राहिली. ती कड तिच्या पोटरीच्या निम्म्यापर्यंत येत होती. तिने बाजूला लावलेल्या एका बाइकच्या सीटवर हात टेकला, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला, आणि कशीबशी वर चढली. बारा पावलांवर शेजारच्या सोसायटीचं गेट आलं. फूटपाथ संपला. पुन्हा उतरायचं. गेट ओलांडलं की पुन्हा चढायचं. तिसऱ्या गेटला ती म्हणाली, "मी आपली खालूनच येते. तू हो पुढे."

त्या दिवशी घरी येऊन मी मोजलं. आमच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत मला एकवीस वेळा फूटपाथवरून खाली उतरावं लागतं. अकरा वेळा सोसायट्यांच्या गेटांसाठी, बाकीचं विजेचा डबा, चेंबरचं उघडं झाकण, फलकाचे बांबू आणि आडव्या लावलेल्या दुचाक्या. मी पन्नाशीच्या आत आहे, उड्या मारत जाते. आईचं चालणं मात्र या एकवीस ठिकाणी अडतं, आणि मग ती घरीच बसते. "आताशा बाहेर पडवत नाही" असं ती म्हणायची, तेव्हा मला वाटायचं गुडघे दुखत असतील.

तुम्ही ठाण्यात, नवी मुंबईत कुठेही राहत असाल, तुमच्या रोजच्या वाटेबद्दल लिहा. ती कुठे तुटते? आणि कुठे चांगली आहे, तेही लिहा.

घोडबंदरकर

मसुंदाताई, फार मनापासून लिहिलंय. आईंचा प्रसंग वाचून माझी आई डोळ्यासमोर आली.

तुमच्याकडे निदान गाव आहे. नौपाडा, पाचपाखाडी, जांभळी नाका हा भाग लोक चालत होते तेव्हा वसला. गल्ल्या लहान, दुकानं रस्त्यावर उघडणारी. आमचं घोडबंदर रोडला उलट झालं. आधी महामार्ग, मग त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर. मी मानपाड्याच्या पुढे राहतो. समोरच्या बाजूला, हवेतल्या अंतराने दीडशे मीटरवर, आमचा फॅमिली डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्याची पाटी गॅलरीतून वाचता येते. पण तिथे जायला आधी कॉम्प्लेक्सच्या आतला अर्धा किलोमीटर, मग सर्व्हिस रोड, मग मेट्रोच्या कामाचे पत्रे, मग सिग्नल, पलीकडे पुन्हा तेच. लोक कार काढतात आणि लांबच्या यू-टर्नवरून फिरून येतात. मीही तेच करत आलोय आणि त्याची मला खंत वाटते, कारण माझ्याच कारमुळे तो रस्ता दुसऱ्यासाठी आणखी अवघड होतो.

पादचारी पूल आहे की, असं कुणी म्हणेल. पुलाला पन्नासेक पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा. माझी आई ७४ वर्षांची, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. पूल बांधला की खालच्या गाड्यांना न थांबता जायला मिळतं. चढायची मेहनत मात्र जो आधीच पायी आहे त्याला. रस्ता ओलांडणारा जमिनीवरूनच ओलांडू शकला पाहिजे, त्यासाठी गाड्या अर्धा मिनिट थांबल्या तर काय बिघडतं?

आमची वाट तुटत नाही, मुळात ती नाहीच.

वाशीकर८६

आम्ही १९८६ साली वाशीत आलो. चेंबूरचे नातेवाईक म्हणायचे, कुठे जंगलात जाताय. तेव्हा रेल्वे नव्हती, वाशीला लोकल आली मे १९९२ मध्ये. तरी पहिली सहा वर्षं आम्हाला गाडीची गरज भासली नाही, कारण सेक्टरच्या आत सगळं होतं. शाळा, बाजार, मैदान, बाग, पोस्ट. मुलगी पहिलीपासून एकटी शाळेत जायची. मोठा रस्ता ओलांडायचाच नव्हता.

ही योगायोगाची गोष्ट नव्हती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये ते उभारायला सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली, आणि एकाच मोठ्या शहराऐवजी नोड, म्हणजे वाशीसारखी छोटी शहरं, आणि नोडच्या पोटात सेक्टर अशी आखणी झाली. रोजच्या गरजा सेक्टरमध्ये, त्याहून मोठ्या नोडच्या केंद्रात, लांबचा प्रवास रेल्वेने. आज जगभर "पंधरा मिनिटांचं शहर" म्हणून बोललं जातं. आमच्या सेक्टरमध्ये ते चप्पल घालून बाहेर पडलं की सुरू व्हायचं.

चांगलं ते आधी सांगतो. आतल्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर आता एवढे मोठे झालेत की मे महिन्यात दुपारी एक वाजतासुद्धा सावलीतून जाता येतं. त्या सावलीचं मोल डांबराइतकंच आहे. झाड नसलेल्या फूटपाथवर मे महिन्यात कुणी चालणार नाही, तो कितीही गुळगुळीत करा.

आता दुखरी बाजू. सेक्टरच्या आत सुख, पण एका सेक्टरमधून दुसऱ्यात जाताना मधले रस्ते इतके रुंद आणि वेगवान आहेत की तिथे माणूस थिजतो. आणि सेक्टरच्या आतही दोन्ही बाजूंना गाड्या. ज्या घरांसाठी एकही गाडी धरली नव्हती तिथे आता घरटी दोन आहेत. माझी नात त्याच शाळेत जाते, त्याच रस्त्याने, आणि मी तिचा हात सोडू शकत नाही. चाळीस वर्षांत रस्ता तोच, मैदान तेच, फक्त उभ्या गाड्यांच्या मधून अचानक कोण येईल याचा भरवसा गेला.

बेलापूरकरीण

वाशीकरकाका, कोरियांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझं बालपण सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेलं. कोरियांनीच ऐंशीच्या दशकात आखलेली वसाहत. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा. असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक, आणि असं वाढत वाढत पुढे ओढ्यापर्यंत.

चौकात गाडी येतच नव्हती, त्यामुळे घराचा उंबरा ओलांडला की खेळायची जागा. संध्याकाळी सातही घरांच्या आया पायरीवर बसून भाजी निवडायच्या. कुणाचं मूल पडलं तर जी जवळ असेल ती उचलायची. दुधाला, गिरणीत, लायब्ररीत सगळीकडे आम्ही चौकाचौकातून जायचो, आणि वाटेत निदान चार घरांतून "कुठे गं चाललीस?" अशी हाक यायची. आज बरीच घरं पाडून उंच बांधली गेलीत. तरी काही चौक शिल्लक आहेत. आईकडे गेले की मी अजून त्याच वाटेने फिरून येते.

डॉ_पाऊलवाट

मी ठाण्यात प्रॅक्टिस करतो. तब्येतीच्या अंगाने थोडं सांगतो, कारण माझ्याकडे येणारे पेशंट "दहा हजार पावलं होत नाहीत हो" म्हणून चालणंच सोडून देतात.

दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून तो आकडा जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय ७२. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं. ७,५०० च्या आसपास गेल्यावर फायदा फारसा वाढत नव्हता. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, ज्या मुळात धडधाकट त्या जास्त चालतात असंही असू शकतं. तरी सत्तरीतल्या माणसाला मी हे आवर्जून सांगतो, कारण ४,४०० आवाक्यातलं आहे.

मसुंदाताईंचं स्टेशनला जाणं-येणं धरलं तर पाच-साडेपाच हजार पावलं त्यातच झाली. वेगळा वेळ काढला नाही, जिमची फी नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोजचं २६ मिनिटं जाणं आणि २६ मिनिटं येणं, म्हणजे तीन दिवसांत कोटा पूर्ण. मध्यम श्रम म्हणजे काय, तर चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढी चाल.

मधुमेह असणाऱ्यांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालून पाहावं, जेवणानंतर चढणारी साखर त्याने कमी राहते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि शक्य असेल तिथे मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीतून जा, धूर बराच कमी लागतो.

ताईंच्या आईंबद्दल एक सांगायलाच हवं. म्हातारपणी चालणं थांबलं की मांड्यांची ताकद आणि तोल झपाट्याने जातो. मग पडायची भीती, भीतीमुळे आणखी कमी चालणं. माझ्याकडे खुब्याचं हाड मोडून आलेल्या आज्यांपैकी काही जणी अशाच एका कडेवरून पडलेल्या होत्या.

खडीडांबर

रस्त्यांच्या कामात ३४ वर्षं काढून निवृत्त झालो. फूटपाथ इतका उंच का होतो आणि गेटापाशी का तुटतो, ते सांगतो.

आपल्याकडे बहुतेक फूटपाथ म्हणजे पावसाळी गटाराचं झाकण. गटाराच्या भिंती जेवढ्या वर येतात, तेवढा फूटपाथ वर. त्यात रस्त्याची उतारपातळी आणि गटाराची पातळी यांचा मेळ बसला नाही की फरक पडतो सात-आठ इंचांचा, कधी फुटाचा. नियम मात्र स्पष्ट आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका, आयआरसी १०३, पहिल्यांदा १९८८ मध्ये आली आणि २०१२ मध्ये सुधारली. कड १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नको. चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटर मोकळं. १.८ का, तर दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकल्या पाहिजेत. बाजारपेठेत याहून जास्त. खांब, झाडं, विजेचे डबे, बाकडी यांच्यासाठी वेगळी पट्टी रस्त्याच्या बाजूला ठेवायची, चालायच्या पट्टीत त्यातलं काही येता कामा नये.

आता गेट. गाडी आत जाणार म्हणून फूटपाथ कापायचा, ही आपली पद्धत. बरोबर पद्धत अशी की फूटपाथ त्याच पातळीवर सलग पुढे जातो आणि गाडी छोट्या उतारावरून त्याच्यावर चढून आत जाते. गाडीला इंजिन आहे, तिला सहा इंच चढायला काही लागत नाही. चढल्यामुळे तिचा वेगही आपोआप कमी होतो. गल्लीच्या तोंडाशीसुद्धा हेच करायचं, झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला आणायचं. खर्च फार नाही. तुटक फूटपाथच्या कडांना जेवढं काँक्रीट जातं त्याच्या आसपासच.

घोडबंदरकरांच्या सिग्नलचा हिशेब मांडतो. सहा पदरी रस्ता, पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे २१ मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं तर साडेसतरा सेकंद. तुमच्या आई ०.८ ने चालत असतील तर सव्वीस सेकंद, दुभाजक वेगळा. सिग्नल पंधरा सेकंदांचा असेल तर तो आईंना निम्म्या रस्त्यात सोडून देतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक. मी ज्या रस्त्यांवर काम केलं त्यांच्यावरचीही त्यात असतील. हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून इथे एवढं लिहितोय.

आणि १४ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश माहीत असू द्या. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने म्हटलंय की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ओकसाहेबांच्या वकिलीची सुरुवात आपल्या ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात झाली. पत्र लिहाल तेव्हा या आदेशाचा आणि आयआरसी १०३ चा उल्लेख करा. "फूटपाथ खराब आहे" असं मोघम लिहिलेलं पत्र फायलीत जातं. "अमुक गेटापाशी कड ३१० मिलिमीटर, नियम १५० चा" असं लिहिलं की उत्तर द्यावंच लागतं.

काठीवाला

खडीडांबरकाका, तुमच्या पोस्टमध्ये एक भर. मी जन्मतः दृष्टिहीन आहे, नोकरीसाठी रोज ठाणे ते सीएसएमटी करतो.

झेब्रा क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला आणलं तर व्हीलचेअरवाल्याला सोयीचं, पण मला कळणार कसं की फूटपाथ संपून रस्ता लागला? माझी काठी कड शोधते. कड लागली की मी थांबतो. सगळं सपाट केलंत तर मी न थांबता गाड्यांत जाईन. म्हणून त्या जागी ठिपक्यांच्या टाइल्स हव्यातच. पिवळ्या टाइल्सवरच्या लांब रेघा म्हणजे "चालत राहा", गोल ठिपके म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे". बसवणाऱ्याला बऱ्याचदा हे माहीत नसतं आणि तो शोभेसाठी लावल्यासारख्या उलटसुलट लावतो. एका ठिकाणी रेघांच्या मागोमाग गेलो तो थेट खांबावर आदळलो. कपाळाला तीन टाके पडले. महिनाभर त्या बाजूने गेलो नाही.

दुसरं म्हणजे फूटपाथवर लावलेल्या बाइकचा आरसा. काठी खालून जाते, चाकाला लागत नाही, आणि आरसा बरगडीत बसतो. दोन मिनिटांसाठी लावली असं मालक म्हणतो. मला मात्र त्या दोन मिनिटांचा अंदाज घेत रोज हात पुढे धरून चालावं लागतं.

खडीडांबर

@काठीवाला, अगदी खरं. हे मी आधीच लिहायला हवं होतं. सपाट केलेल्या प्रत्येक जागी पूर्ण रुंदीत ठिपक्यांची पट्टी हवी, त्याशिवाय ते काम अपुरं समजायचं. धन्यवाद.

नौपाड्याचा_दुकानदार

दोन पिढ्यांचं कापडाचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. फूटपाथ रुंद करा, पार्किंग काढा म्हणताना आमच्या पोटात गोळा येतो. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळाली नाही की तो मॉलमध्ये जातो, ही भीती खरी आहे. लग्नसराईत चार-पाच जण एका गाडीने येतात आणि एकदम मोठी खरेदी करतात. ती गिऱ्हाइकं गमावणं परवडत नाही.

तरी हा धागा वाचून आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं, कसे आलात? बहुतेक जण पायी किंवा रिक्षाने आलेले निघाले. काही स्टेशनवरून घरी जाता जाता आत शिरलेले. गाडीवाले थोडे. मला वाटत होतं त्यापेक्षा बरेच थोडे. आणि दुसरी गोष्ट बघितली. दुकानासमोर सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत दोन स्कूटर उभ्या असतात. एक माझी, एक माझ्या माणसाची. गिऱ्हाइकाची जागा मीच अडवून बसलो होतो. आता आम्ही दोघंही गाड्या मागच्या गल्लीत आमच्याच जागेत लावतो. समोर मोकळं झाल्यापासून लोक काचेपाशी उभं राहून साड्या बघतात.

सरसकट पार्किंग बंद मात्र नको, एवढं माझं म्हणणं आहे.

बेलापूरकरीण

दादा, तुमचं म्हणणं पटलं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवतात. चेन्नईत पाँडी बाजारला तर २०१९ मध्ये कायमचेच रुंद फूटपाथ झाले. एकदम सगळं बदलण्याऐवजी राम मारुती रस्त्यावर महिन्यातला एक रविवार करून बघता येईल. गल्ला त्या दिवशीचा आणि एरवीच्या रविवारचा तुम्हीच मोजा.

नौपाड्याचा_दुकानदार

एका रविवारला माझी तयारी आहे. शेजारच्या दुकानदारांशी बोलतो. दिवाळीच्या आधीचा रविवार मात्र नको.

शेवटची_लोकल

मी रात्री साडेदहाला ठाण्याला उतरते आणि कोलबाडच्या दिशेने चालत जाते. दोन वाटा आहेत. जवळची बारा मिनिटांची, लांबची अठरा. मी लांबचीच धरते. तिच्यावर एक औषधाचं दुकान, एक दूध डेअरी, एक पावभाजीची गाडी आणि कोपऱ्यावर गजरेवाल्या मावशी असतात. मावशी उठून गेल्या असल्या की मी तेवढा पट्टा भराभर चालते.

रस्त्याचे दिवे गाड्यांसाठी असतात, ते रस्त्याच्या मध्यावर पडतात. झाडांखालचा फूटपाथ अंधारातच राहतो. झाडं हवीतच, पण त्यांच्या खाली, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, बुटके दिवे लावता येतात की. आणि फेरीवाल्यांना सरसकट हटवा म्हणणाऱ्यांना माझी विनंती, रात्री दहानंतर एकदा त्या रस्त्याने एकटीने चालून बघा. त्यांना आखून दिलेली जागा द्या, फूटपाथ अडू नये हे पाहा, पण त्यांना घालवू नका. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदाही जागा आखून द्यायलाच सांगतो.

स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हा वेगळाच विषय. ते नाही म्हणून माझी आई तलावपाळीला फिरायला यायचं टाळते.

आठवीचा_बाबा

वर्तकनगर. आमच्या इमारतीतली पाच मुलं एकाच शाळेत, अंतर सव्वा किलोमीटर. पाच घरांतून पाच गाड्या निघायच्या आणि शाळेच्या गेटसमोर पंचवीस मिनिटं कोंडी. जूनपासून आम्ही पालकांनी वार वाटून घेतले. रोज एक पालक पाचही मुलांना घेऊन पायी जातो. माझा गुरुवार.

पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. आता मुलं दहा मिनिटं आधी खाली येऊन थांबतात. वाटेत बहाव्याच्या शेंगा गोळा करणं, कुठल्या कुत्रीला पिल्लं झाली याची चौकशी, आणि गणितातल्या शंका. माझा मुलगा घरी माझ्याशी फारसा बोलत नाही, वयच तसं आहे. गुरुवारी चालताना मात्र बोलतो. समोरासमोर बसावं लागत नाही म्हणून असेल.

पावसात एक दिवस गटाराचं झाकण वाहून गेलेलं होतं, तिथे कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवली होती. तेवढ्यावर आमची मुलं वाचली. आता पुढे चालणाऱ्याच्या हातात छत्रीची काठी असते.

मसुंदा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण मधे काही घडलं, ते सांगते.

खडीडांबरकाकांनी व्यक्तिगत निरोप पाठवून टेप आणि वही घेऊन यायचं कबूल केलं. एका रविवारी सकाळी सातला आम्ही सात जण आमच्या गल्लीत जमलो. काठीवालादादाही आले. एकवीसही जागा मोजल्या, खडूने नंबर घातले, फोटो काढले. सर्वात उंच कड ३४० मिलिमीटर निघाली, ती आईच्या पोटरीला लागलेलीच. दादा काठी घेऊन पुढे चालत होते आणि कुठे गोंधळ होतो ते सांगत होते. ज्या दोन जागा आम्हाला चांगल्या वाटल्या होत्या, तिथेच ते अडखळले.

मग एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला स्वीकारायला जड गेली. अकरापैकी चार गेटांपाशी फूटपाथ अडवणारे सिमेंटचे उतार सोसायट्यांनी स्वतः बाहेर ओतलेले होते. त्यातली एक आमची. मी सात वर्षं त्याच उतारावरून स्कूटर काढत होते. आमच्या कमिटीपुढे मापं ठेवली. अध्यक्षांनी आधी गाड्यांचं काय म्हणून विचारलं. काकांनी वहीत चित्र काढून दाखवलं की फूटपाथ सलग राहील, गाडी वर चढून जाईल. प्रभाग कार्यालयात पत्र देऊन परवानगी घेतली. दोन दिवस गवंडी आला, दोन दिवस गाड्या शेजारच्या आवारात लावल्या. आमच्या गेटापुरता आता फूटपाथ सलग आहे, दोन्ही टोकांना ठिपक्यांच्या टाइल्स. डावीकडच्या सोसायटीने येऊन बघितलं आणि गवंड्याचा नंबर नेला. सोसायट्यांच्या या चार सोडून उरलेल्या सतरा जागांचं पत्र, मापांसकट, गेलंय. पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच टाकते.

परवा संध्याकाळी ऑफिसातून आले तर आई घरात नव्हती. खाली धावले. ती कोपऱ्यावरून येत होती, हातात वाण्याकडची पिशवी, पावशेर गूळ आणि उदबत्तीचा पुडा. आमच्या गेटापुरती फूटपाथवरून आली, बाकीच्या गेटांना नेहमीसारखी खाली उतरली होती म्हणाली. वाटेत घड्याळजींना बाबांच्या घड्याळाचं सांगून आली होती. किती वर्षांनी भेटली असेल ती त्यांना.

घोडबंदरकर, पुढच्या रविवारी तुमच्याकडे. सकाळी साडेसहा, ऊन चढायच्या आत, मानपाड्याच्या सिग्नलपाशी. तुमच्या आईंना जमेल तेवढं त्यांच्याच चालीने रस्ता ओलांडू आणि सेकंद मोजू. टेप काकांकडे आहे, स्टॉपवॉच मी आणते. येणाऱ्यांनी इथेच हात वर करा.

घोडबंदरकर

आईला विचारलं. येते म्हणाली. तिची एकच अट, आधी चहा.

आठवीचा_बाबा

मी आणि मुलगा, दोघंही.

काठीवाला

येतो. सिग्नलला आवाजाचा भोंगा आहे का तेही बघू.